उंदराने माउस खाल्ला तेव्हा

सकाळची कामं आवरली असतील, कुणी खुरपणीला बसल्या असाल, कुणी शेळ्यांमागं निघाल्या असाल. हाताला काम असू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज आम्ही संगणकाबद्दल बोलणार आहोत. थांबा, रेडिओ बंद करू नका. "आम्हाला काय करायचाय तो कॉम्प्युटर" असं म्हणणाऱ्या आम्हीच होतो, अगदी गेल्या मार्चपर्यंत. आमच्या संघाच्या ऑफिसात संगणक होता, नाही असं नाही. त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर होतं, सणाला हळदकुंकू लागायचं. पण चालवायला तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेतला एक मुलगा यायचा. आम्ही वही घेऊन त्याच्या शेजारी बसायचं, आकडे वाचायचे, त्यानं टाइप करायचे. पानामागं पैसे घ्यायचा. पैशाचं दुःख नव्हतं, वाट बघण्याचं होतं. त्याला वेळ असेल तेव्हा आमचा हिशेब.

मार्चअखेर म्हणजे काय हे गटातल्या बायांना सांगायला नको. बँकेनं चौदा गटांचं परतफेडीचं पत्रक मागितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत. त्या पत्रकावर नवीन कर्जाचे अर्ज अडलेले. त्यात अकरा जणींचे अर्ज शेळ्यांसाठी होते, आणि शेळ्यांचा सौदा बाजारात ठरवून ठेवलेला. तो मुलगा अर्धं काम करून लग्नाला गेला होता. उरलेल्या नोंदी आम्ही करायच्या ठरवल्या. आम्ही म्हणजे तिघी: सचिव वहिनी, हिशेब लिहिणारी ताई, आणि समन्वयक म्हणून मिरवणारी, बी.ए. झालेली एक. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हात त्या बी.ए.वालीचेच थरथरत होते.

दुपारी तीनला संगणक सुरू केला, एका बोटानं पासवर्ड टाकला, आणि माउस हलवला तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. वायर हातात घेऊन बघतो तर टेबलामागं ती कुरतडलेली. आमचं ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची खोली, शेजारी रेशनचं धान्य, त्यामुळं उंदरांना काही कमी नाही. माउस म्हणजे उंदीरच की, वहिनी म्हणाल्या, भाऊबंदकी दुसरं काय.

हसलो, पण पोटात गोळा आला होता. तालुक्याला जाऊन नवा माउस आणायचा तर शेवटची एसटी निघून गेलेली. त्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, उद्या संध्याकाळी येतो, तोवर कशाला हात लावू नका, बिघडेल. हे "हात लावू नका, बिघडेल" आम्ही जन्मापासून ऐकतोय. रेडिओला, टीव्हीला, मोटारीच्या स्टार्टरला, सगळ्याला.

तेव्हा ताईला तिच्या नणंदेची आठवण झाली. नणंदबाईंना जन्मापासून दिसत नाही. पुण्यात शिकल्या, तिथंच नोकरी करतात, आणि दिवसभर संगणकावर असतात. आम्हाला नेहमी प्रश्न पडायचा की त्या चालवतात कशा. त्यांच्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय असते. एनव्हीडीए नावाचा असा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो, तो ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी सुरू केला आणि ते दोघंही अंधच आहेत. पण आमच्या कामाची गोष्ट वेगळीच होती. ज्याला बाण दिसतच नाही त्याला माउसचा काय उपयोग? नणंदबाई माउसला हातच लावत नाहीत. सगळं बटणांवर.

फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, "वहिनी, पडद्यावर काय आहे ते मोठ्यानं वाचत राहा, बाकी मी सांगते." आणि त्या संध्याकाळी आम्ही जे शिकलो ते कानानं ऐकूनच शिकलो. म्हणून तर रेडिओवर सांगायचं धाडस करतोय.

तर आधी बटणांची जागा. डाव्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेला टेकवा आणि कीबोर्डची सगळ्यात खालची ओळ चाचपा. अगदी डाव्या कोपऱ्यात कंट्रोल. त्याच्या उजवीकडं चार चौकोनांच्या खिडकीचं चित्र असतं, ते विंडोजचं बटण. त्याच्या पलीकडं ऑल्ट. आणि मग तो लांबलचक पट्टा, लाटण्याएवढा, तो स्पेस. लॅपटॉप असेल तर त्यात एफएन म्हणून आणखी एक बटण घुसलेलं असतं, त्याला ओलांडून जा. कंट्रोलच्या वर शिफ्ट, त्याच्या वर कॅप्स लॉक, त्याच्या वर टॅब. आणि सगळ्यात वर डाव्या कोपऱ्यात एस्केप. घाबरल्यावर दाबायचं ते एस्केप. उघडलेली यादी मिटते, चुकून आलेली चौकट बहुतेक वेळा निघून जाते. आम्ही त्याला "नको गं बाई" म्हणतो.

दोन बटणं एकदम दाबायची म्हणजे नेमकं काय, इथंच आमचा पहिला अर्धा तास गेला. आम्ही दोन्हीवर एकदम धपकन बोटं मारायचो. तसं नाही. जात्यावर बसल्यावर एक हात खुंट्यावर असतो आणि दुसरा वैरण घालतो ना, तसं. पहिलं बटण धरून ठेवायचं, दुसरं नुसतं टेकवून उचलायचं, मग पहिलं सोडायचं. विंडोजचं बटण धरलं आणि डी टेकवलं, की उघडलेलं सगळं खाली बसतं आणि मोकळा डेस्कटॉप समोर येतो. अंगण झाडल्यासारखं. पुन्हा तेच केलं की सगळं परत जागेवर. विंडोज नुसतं दाबून सोडलंत तर मात्र स्टार्टची यादी उघडते. उघडली तर घाबरायचं नाही, नको गं बाई दाबायचं.

डेस्कटॉपवर आलात की बाणांची चार बटणं घ्या. उजवीकडं खाली असतात, चुलीच्या तीन दगडांसारखी खाली तीन आणि वर एक. बाण दाबला की एका चित्राभोवती चौकट पडते, पुढं दाबला की पुढच्यावर जाते. पाहिजे त्या फोल्डरवर आलात की एंटर. झालं. दोनदा टकटक करायची गरज नाही.

ही दोनदा टकटक, डबल क्लिक म्हणतात ती, हिच्यावर आमचा फार राग आहे. किती बायकांना संगणक "जमत नाही" तो नुसता या टकटकीमुळं. पहिली आणि दुसरी टकटक लगेच पाठोपाठ व्हायला हवी, आणि मध्ये हात हलता कामा नये. कापूस वेचून, भांडी घासून बोटाची पेरं सुजलेल्या बाईनं ती कशी करायची? आमच्या एका आत्यांनी प्रशिक्षणात तीन दिवस प्रयत्न केला, शेवटी त्यांना सांगण्यात आलं, आजी, तुम्ही नुसतं बघा. आता त्याच आत्या बाणानं जातात, एंटर मारतात आणि स्वतःच्या गटाची बचत भरतात. एकदाच दाबायचं, सावकाश दाबायचं, कुणी घाई करत नाही.

चित्रं फार असतील तर बाणानं चालत बसू नका, नावाचं पहिलं अक्षर दाबा, चौकट उडी मारून तिथं जाते. नावं मराठीत असतील तर कीबोर्डही तेव्हा मराठीवर पाहिजे. इंग्रजीतून मराठीत जायला विंडोज धरून स्पेस टेकवायचा, परत यायलाही तेच. आमच्या संगणकावर विंडोज 10 आहे, त्यात असं आहे.

आता त्या संध्याकाळकडं येतो. नणंदबाईंच्या सांगण्यानं आम्ही फोल्डर उघडला, एक्सेलची फाईल उघडली आणि नोंदी करायला लागलो. मध्ये वाटायचं फाईल हरवली. हरवलेली नसायची, दुसरीच्या मागं गेलेली असायची. त्यासाठी ऑल्ट धरायचा आणि टॅब टेकवायचं. उघडलेल्या सगळ्या खिडक्या छोट्या छोट्या होऊन ओळीनं दिसतात. ऑल्ट न सोडता टॅब टेकवत राहिलं की एकेकीवर चौकट सरकते, पाहिजे तिथं ऑल्ट सोडायचा. बँकेचा नमुना एका खिडकीत, आमचे आकडे दुसऱ्या खिडकीत, आणि आम्ही ऑल्ट-टॅबनं या घरातून त्या घरात. माउस असताना हेच काम तो मुलगा तळाच्या पट्टीवर बाण नेऊन करायचा, आणि खरं सांगतो, आम्ही त्याच्याहून फार हळू नव्हतो.

साडेसहाला लाईट गेली.

यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याची बॅटरी जुनी, पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ. नणंदबाईंचा फोन तेव्हा नेमका कटलेला. आम्हाला एवढं आठवत होतं की ऑल्ट धरून एफ 4 दाबलं की समोरचं बंद होतं. वरच्या ओळीत एफ 1, एफ 2 अशी बटणं असतात त्यातलं ते. दाबलं. एक चौकट आली, इंग्रजीत विचारत होती की केलेलं जपून ठेवू का. तीन पर्याय: ठेवा, ठेवू नका, आणि थांबा. ठेवायचंच होतं हो. पहिल्याच पर्यायावर उभ्या होतो, नुसता एंटर मारायचा होता. पण टीं टीं ऐकून गडबडीत टॅब दाबला गेला आणि मग एंटर. "ठेवू नका" झालं.

तीन गटांच्या नोंदी गेल्या. साडेतीन तासांचं काम. अंधारात तिघी नुसत्या बसून राहिलो. ताईच्या डोळ्यांत पाणी, आणि वहिनी तर म्हणाल्याच, त्या पोरानं सांगितलं होतं हात लावू नका. ते वाक्य फार लागलं. कारण क्षणभर आम्हा तिघींनाही ते पटलं होतं.

नणंदबाईंचा परत फोन आला. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "कंट्रोल एस केलं नव्हतं का?" म्हणजे कंट्रोल धरून एस टेकवायचा, की तिथवरचं जपलं जातं. आम्ही म्हटलं, तुम्ही सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो, ते सांगायला पाहिजे होतं पहिल्यांदा." चूक त्यांचीही, आमचीही. पण वह्या होत्या! गटाच्या नोंदवह्या, हातानं लिहिलेल्या, शिलकीसकट. ज्या गटांनी बैठकीतच वही लिहिली होती त्यांचं काम पटापट झालं. ज्यांनी सुट्या चिठ्ठ्यांवर आकडे ठेवले होते त्यांच्या घरी रात्री माणूस पाठवावा लागला. कुठले गट ते सांगत नाही, ऐकतायत त्या.

साडेआठला लाईट आली. परत बसलो. आता दर ओळीला कंट्रोल एस, जपमाळ ओढल्यासारखं. चुकून एक अख्खा रकाना पुसला गेला तेव्हा ताई किंचाळली, पण फोनवरनं आवाज आला, "कंट्रोल झेड." कंट्रोल धरून झेड टेकवला आणि पुसलेलं सगळं परत आलं. झेड कंट्रोलच्या जवळच आहे, खालून दुसऱ्या ओळीत डावीकडून पहिलं अक्षर. त्याच्या शेजारी एक्स, सी, व्ही. एक्सनं उचलायचं, सीनं नक्कल घ्यायची, व्हीनं ठेवायचं, कंट्रोल धरूनच. बेरजेला तर आम्ही कॅल्क्युलेटर काढून बसलो होतो. नणंदबाई म्हणाल्या, आकड्यांच्या खालच्या रिकाम्या घरात या, ऑल्ट धरा, बरोबरचं चिन्ह दाबा, एंटर मारा. बेरीज समोर. वहिनींचा विश्वास बसेना, त्यांनी बोटांवर मोजून ताळा केला. बरोबर होती.

रात्री सव्वाअकराला कंट्रोल पी दाबून, एंटर मारून कागद काढले. दारात ताईचे मालक मोटारसायकल घेऊन तासभर उभे होते, त्यांचेही आभार मानायला हवेत. सकाळी पहिल्या गाडीनं वहिनी गेल्या आणि पत्रक वेळेत पोचलं. कर्ज मंजूर व्हायला पुढं दीड महिना लागला ती गोष्ट वेगळी. अकरापैकी नऊ जणींना ठरवलेल्याच शेळ्या मिळाल्या, दोघींच्या तोवर विकल्या गेल्या होत्या.

आता एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगतो. संघाच्या संगणकात काय असतं? कुणाचं किती कर्ज, कुणाचे किती हप्ते थकले, कुणी कशासाठी उचललं. एखादीनं मुलीच्या कॉलेजची फी भरायला घेतलेलं असतं आणि घरात अजून बोललेली नसते. ऑफिसचं दार उघडंच असतं. कुणी भावजी, कुणी सासरे, पाणी प्यायला म्हणून आत येतात आणि नजर थेट पडद्यावर. पूर्वी तो मुलगा बाण शोधून खिडकी बंद करेपर्यंत वाचून व्हायचं. आता पावलं वाजली की विंडोज धरून एल. पडदा कुलूपबंद होतो, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही. एल म्हणजे लॉक, म्हणून लक्षात राहतं. आमच्या सगळ्या शिकण्यात हे एक बटण आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. गटातली गोष्ट गटात राहते.

आमच्याकडं एक काकू आहेत, कडबाकुट्टीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. एक बटण धरून दुसरं दाबणं त्यांना एका हातानं कठीण. एकदा त्यांच्याकडून शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं आणि एक चौकट उगवली, स्टिकी कीज म्हणून. आम्ही ती दहा वेळा घालवून दिली होती, कटकट म्हणून. वाचून बघितलं तेव्हा कळलं की ती सोय काकूंसारख्यांसाठीच आहे. चालू केली की कंट्रोल दाबून सोडून द्यायचा, मग सावकाश एस दाबायचा. मधल्या वेळात संगणकच कंट्रोल धरून ठेवतो. काकू म्हणाल्या, म्हणजे दुसरा हात त्याच्यातच आहे की.

माउस वाईट असं आमचं म्हणणं नाही. नवा आणलाय, चित्रं कापायला, पत्रिका सजवायला तोच बरा. 1968 साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकानं तो पहिल्यांदा लोकांना जाहीर दाखवला, आणि त्याचा पहिला नमुना लाकडाचा होता म्हणे. सुताराकडं करून घेता आला असता. पण तोपर्यंतही संगणक होतेच की, आणि माणसं ते चालवतच होती.

संगणक बंद करायची रीत तेवढी सांगून थांबतो, कारण थेट बटण दाबून बंद करणाऱ्या बायका अजून आहेत. आधी कंट्रोल एस. मग विंडोज आणि डी, म्हणजे मोकळा डेस्कटॉप. मग तिथं ऑल्ट आणि एफ 4. चौकट येते, त्यात शट डाउन लिहिलंय का ते वाचा, नसेल तर खालीवर बाणानं आणा, आणि मगच एंटर. वाचल्याशिवाय एंटर मारायचा नाही, आमचे साडेतीन तास त्यातच गेले. लॅपटॉपवर एफ 4 नं आवाजच कमीजास्त होत असेल तर सोबत ते एफएनही धरा.

घरी मुलांचा संगणक असेल तर आज संध्याकाळी माउसवर रुमाल टाका आणि एवढंच करून बघा: विंडोज डी, बाण, एंटर, ऑल्ट टॅब. मुलं हसतील. हसू द्या. ज्यांच्या घरी नाही त्यांनी आमच्या ऑफिसात यावं, मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते चार. भिंतीवर आम्ही पुठ्ठ्याचा मोठा कीबोर्ड करून लावलाय, सरावाला लाईट लागत नाही. येताना गटाची वही आणा, लिहून पूर्ण केलेली. नमस्कार.